गल्लीच्या दाराची किल्ली

१

विस्तिनला ही गोष्ट सांगायची नव्हती. पोलिसांना त्याने चार पानं सांगितली होती, त्यांनी ती लिहून घेतली, खाली सही घेतली, आणि तेवढ्यावर मिटलं असं तो समजून चालला होता. पण गेले अकरा दिवस दोलोरा रोज सकाळी येते, त्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसते आणि जपमाळ ओढत राहते. दोलोरा म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. तिच्याशी भांडताही येत नाही, कारण ती बोलतच नाही. नुसती बसते. उठताना एवढंच म्हणते, "विस्तिन, तू पोलिसांना सगळं सांगितलं नाहीस."

काल तर त्याच्या बायकोने, जुझानेही ताट पुढे करता करता हात आखडता घेतला.

"सांगून टाक तिला एकदाचं. दारात ती अशी बसलेली मला बघवत नाही."

"रडते कुठे ती? गप्प तर असते."

"म्हणूनच."

म्हणून सांगायचं ठरलं. एकदाच, आणि मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. विस्तिन तिसरीपर्यंत शिकला, त्यानंतर मेंढरं राखली, त्यानंतर चाळीस वर्षं दगडाच्या भिंती रचल्या. भिंतीत दगड बसतो किंवा बसत नाही. तिसरं काही त्याला ठाऊक नाही. गोष्ट सजवून हवी असेल तर ती दुसऱ्याकडून ऐकावी.

२

गावाच्या टोकाला, शेतं सुरू होतात तिथे, स्पीरूचं घर आहे. हा स्पीरू कोण ते कोणालाच माहीत नाही. विस्तिनच्या आजोबालाही माहीत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एका बाहेरदेशी मालकाने ते आणि शेजारची दोन घरं घेऊन तिन्हींचं एक केलं. सहा खोल्या, पोहायचा निळा तलाव, पांढऱ्या छत्र्या. मे ते ऑक्टोबर आठवड्याच्या भाड्याने पाहुणे येतात. मालक कधी फिरकत नाही. सगळा कारभार तोनिनकडे. तोनिन म्हणजे दोलोराचा एकुलता एक. विस्तिनकडे तलाव, बाग, आणि अंगणाखालची पावसाच्या पाण्याची विहीर.

पुढच्या दाराला आता आकडे दाबायचं कुलूप आहे. मागच्या गल्लीत मात्र जुन्या घराचं हिरवं दार तसंच आहे. ते शोभेला ठेवलंय. त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघराची भिंत आली, म्हणून ती चौकट आतून दगडाने बुजवावी लागली. ते काम विस्तिननेच केलं होतं. दुहेरी रांग, मध्ये चुना आणि खडी. तिथून मुंगी जाणार नाही.

या मे महिन्यात विहिरीतला गाळ काढताना बादलीत एक किल्ली आली. लोखंडाची, वीतभर लांब. घासली, तेल दिलं, गल्लीच्या दाराला लावून पाहिली तर लागली. दोनदा फिरलीही. दाराच्या मागे दगड, त्यामुळे फिरली काय आणि न फिरली काय, सारखंच.

त्याने ती तिथेच ठेवली, दारात, बाहेरच्या बाजूने.

आमच्या गोझो बेटावरच्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. घरात माणसं असली की किल्ली दिवसभर बाहेरून दारातच असते. येणाऱ्याने ती फिरवायची, दारातून नाव घेऊन हाक मारायची आणि आत जायचं. किल्ली काढतात ती सगळी माणसं गेल्यावर. विस्तिन रोज त्या गल्लीने यायचा, आणि आत एवढी माणसं हसत-खिदळत असताना बाहेरून मेलेल्या घरासारखं दिसणारं ते दार त्याच्या डोळ्यांत खुपायचं. किल्ली लावल्यावर त्याला बरं वाटलं. जुझाला त्याने घरी येऊन सांगितलंही.

"बिनकामाच्या दाराला किल्ली," जुझा म्हणाली. "कोणाला बोलावतोयस?"

थट्टेने म्हणाली होती ती.

३

जूनच्या शेवटी तोनिन तलावापाशी आला. दुपारच्या उन्हातही अणकुचीदार पिवळे बूट, केस रंगवलेले, मोबाइल नाकासमोर.

"काका, हे ऐका. गेल्या आठवड्याच्या पाहुण्यांनी लिहिलंय. घर सुंदर, तलाव स्वच्छ. म्हातारा रखवालदार भला माणूस, पण रोज दुपारी न विचारता आत येऊन बसतो."

"कोणता म्हातारा?"

"इथे दुसरा आहे का?"

"तू आहेस की. केस रंगवले म्हणून पंचेचाळिसाचा पंचवीस होत नाही."

तोनिन हसला नाही. "दुपारी कशाला जाता आत?"

"दोन ते चार मी घरी झोपलेला असतो. मावशीला विचार."

"मग त्यांनी असं का लिहावं?"

"ते मी काय सांगू? मला न विचारता लिहिलंय."

विस्तिनच्या मनात पाल चुकचुकली ती वेगळ्याच कारणाने. शहरात एक कंपनी निघाली होती. सारख्या सदऱ्यातली पोरं येऊन तलाव साफ करून जायची. तोनिनला ती आणायची होती, हे गावात दोघांनी त्याला सांगितलं होतं. म्हाताऱ्याला काढायचं तर आधी नाव खराब करावं लागतं. त्या दिवसापासून विस्तिन तोनिनच्या प्रत्येक शब्दाकडे वाकड्या नजरेने बघू लागला.

नंतरच्या आठवड्यात सकाळी तो झाडांना पाणी देत असताना एक उंच पाहुणी त्याच्याजवळ आली. पर्यटकांशी बोलण्यापुरती इंग्रजी त्याला येते.

"तुमची ती छोटी खोली किती गार असते हो," ती म्हणाली. "माझी मुलगी सारखी तिथे येते. तुम्हाला त्रास होत नाही ना?"

"कोणती खोली?"

तो थट्टा करतोय असं वाटून ती हसली. "ती, स्वयंपाकघराच्या पलीकडची. मुलीला तुमचं खेचर फार आवडलं. किती शांत आहे."

विस्तिनने पाण्याची नळी खाली ठेवली. गावातलं शेवटचं खेचर मेलं तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे गल्ली आहे, मध्ये त्याने स्वतःच्या हाताने रचलेले दगड आहेत.

"त्रास कसला," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

४

पाहुणे फिरायला गेल्यावर तो आत शिरला. भांडी ठेवायच्या उंच कपाटाच्या मागे ती चौकट. कपाटाचं दार उघडून त्याने हात घातला, पाठीमागची फळी चाचपली. बोटाने ठोकली. भरीव. बाहेर गल्लीत गेला आणि हिरव्या दाराला खांदा लावून रेटलं. जागचं हललं नाही. दगड दारामागे तसेच उभे होते. आपलं काम आपण ओळखतो.

परत आत येऊन त्याने फळीला कान लावला.

सुरुवातीला काहीच नाही. मग चावण्याचा आवाज. सावकाश, वैरण चावतात तसा. मध्ये थांबायचा, फुर्र करायचा, पुन्हा सुरू.

तलावाचं पाणी उपसायचा पंप असेल, असं त्याने ठरवलं. तो पंप घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मग उंदीर ठरवले. मग वय ठरवलं; त्र्याहत्तराव्या वर्षी कानात काहीही वाजू शकतं. यातलं एकही कारण त्याला पटेना, पण तीन कारणं असली की माणूस घरी जाऊन जेवू शकतो. तो गेला, जेवला.

दोन वाजता आडवा झाला. झोप लागेना. जुझा बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत होती. कपाटामागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला होता का, हे तो आठवत राहिला. आला असेल असं वाटलं. मग वाटलं, आता आठवतोय म्हणून आलाय.

५

सांता मारियाच्या सणाला आठवडा राहिला होता. रविवारच्या प्रार्थनेनंतर सगळे पुरुष गावच्या वाजंत्री मंडळाच्या, बँड क्लबच्या, दारात चहाचे पेले घेऊन उभे होते, तेव्हा तोनिनने तिथेच, सगळ्यांसमोर विषय काढला.

"काका, काल पाहुणे तिसऱ्या दिवशी निघून गेले. बाई अंघोळ करून स्वयंपाकघरात आली तर तुम्ही बसलेले. तुटक्या कानाचा म्हातारा, असं सांगितलंय तिने. आता तरी कबूल करा."

विस्तिनच्या डाव्या कानाची पाळी अर्धी नाही. सात वर्षांचा असताना मेंढ्याने तोडली. गावात सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळ्यांनी त्या क्षणी त्याच्या कानाकडे पाहिलं आणि मग आपापल्या पेल्याकडे. शेजारच्या शेतकऱ्याने, ज्याच्या तीन भिंती विस्तिनने रचल्या होत्या, त्यानेही.

"मी गेलो नाही," विस्तिन म्हणाला.

"मग तुमचा कान गेला होता का?"

तेवढं मात्र हसले लोक.

घरी जुझाने ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. मग म्हणाली, "झोपेत उठून जात नाहीस ना रे?"

विस्तिनला तोनिनचं बोलणं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. पन्नास वर्षं झाली होती लग्नाला.

"उद्या खाटेशी बसून राहा," तो म्हणाला. "आणि बघ."

सोमवारी ती बसली. दोन ते चार. तो घोरला, कुशीवर वळला, एकदा पाणी मागितलं. साडेतीनला फोन वाजला. तोनिन होता. नवे पाहुणे आले होते आणि म्हाताऱ्याला आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढा म्हणत होते.

जुझाने फोन धरूनच खाटेकडे पाहिलं. तिचा चेहरा कसा झाला ते विस्तिनला सांगता येत नाही. "तो इथे आहे, तोनिन," ती म्हणाली. "माझ्यासमोर आहे."

"तुम्ही त्यांचीच बाजू घेणार, मावशी."

तेव्हा विस्तिनने फोन ओढून घेतला. "गुरुवारी पाहुणे होडीने दिवसभर बाहेर आहेत. दुपारी दोनला तू स्वयंपाकघरात बस. मी मागच्या गल्लीत, कॅरोबच्या झाडाखाली बसतो. मावशी क्लबमधल्या दोघांना घेऊन पुढच्या दाराशी उभी राहील. कोण येतं ते बघू. मी नसलो तर क्लबच्या दारात, त्याच जागी, त्याच लोकांसमोर माफी मागायची."

"मागेन," तोनिन म्हणाला. "आणि तुम्ही असलात तर?"

"तर मला वेड्यांच्या इस्पितळात टाक. मीच सही करतो."

विस्तिनला नोकरीची पर्वा नव्हती. गावात त्याचं नाव सरळ भिंतीसारखं होतं. तेवढंच त्याने कमावलं होतं, आणि तेच आता कलत होतं.

६

गुरुवारी तोनिनची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. तो आकडे दाबून पुढून आत गेला. विस्तिन झाडाखाली दगडावर बसला. समोर दहा पावलांवर हिरवं दार, दारात किल्ली.

ऑगस्टमधली दोनची वेळ. कुत्रीसुद्धा गप्प. शेतावरच्या गवतातून ऊन उकळल्यासारखं वर येत होतं. विस्तिनला सगळ्यांचाच संशय येत होता. तोनिन आत बसून स्वतःच काही तरी रचेल. बाहेर येऊन शपथेवर सांगेल की काका आत होते. किंवा कोणाला तरी पैसे देऊन कान कापलेला म्हातारा आणला असेल. कान कापलेला म्हातारा भाड्याने कुठे मिळतो, हेही त्याने मनाशी पाहिलं. त्याचं त्यालाच हसू आलं नाही.

सव्वादोनला किल्ली फिरली.

हात नव्हता. किल्ली आपल्या जागी दोनदा फिरली, तेल दिलेलं असल्यामुळे आवाज न करता, आणि दार आतल्या बाजूला उघडलं. वीतभर. जिथे त्याने दोन रांगा दगड रचले होते, त्या बाजूला.

विस्तिन उठला. पळून गेला असता तर आज कोणी त्याला नावं ठेवली नसती, पण तो पुढे गेला, कारण त्याला वाटलं की आता सापडलं. दारापाशी गेला तेव्हा गार वारा अंगावर आला. नुकत्याच धुतलेल्या फरशीचा वास, आणि वैरणीचा. आत ऊन नव्हतं, तरी सगळं दिसत होतं. पांढरी भिंत. एका बाजूला जनावराचे मागचे पाय, शेपटी हलत होती. मध्ये लाकडी खुर्ची आणि तिच्यावर पाठमोरा माणूस बसलेला, मांडीवर काही तरी विणायचं घेऊन. विस्तिनचीच टोपी. पाठीवर, उजव्या खांद्याखाली, घामाचा डाग विस्तिनच्या सदऱ्यावर पडतो तिथेच.

डाव्या कानाची अर्धी पाळी नव्हती.

तो माणूस वळायला लागला. सावकाश. दारात कोणी हाक न मारता आलं की घरातला माणूस वळतो तसा.

तो चेहरा विस्तिनने पाहिला नाही. त्याने दार ओढलं, किल्ली दोनदा उलट फिरवली आणि काढून खिशात टाकली. किल्ली बाहेर येता येता आतून कोणी तरी म्हणालं, "विस्तिनकाका."

नंतर ठोकणं. तीनदा, अदबीने.

आवाज कोणाचा ते बघायला तो थांबला नाही. चालत घरी गेला. पळण्याचं वय राहिलं नव्हतं.

अर्ध्या वाटेत त्याला आठवलं की त्या खोलीत दुसरीही खुर्ची होती, दाराच्या आडोशाला. तिच्यावरचा माणूस दिसत नव्हता. पाय तेवढे दिसत होते. अणकुचीदार, पिवळे बूट.

हे तेव्हाच दिसलं होतं की वाटेत आठवलं, हे त्याला आजही ठरवता येत नाही. हीच ती गोष्ट, दोलोरा. हीच पोलिसांना सांगितली नाही.

७

पुढच्या दाराशी जुझा आणि क्लबमधली दोन माणसं चार वाजेपर्यंत उभी होती. तिथून कोणी बाहेर आलं नाही. शेवटी आत जाऊन पाहिलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर तोनिनचा मोबाइल होता, चहाचा अर्धा पेला होता. तोनिन नव्हता.

पोलिसांनी विहीर उपसली. तलाव उपसला. विस्तिनला दोन दिवस बसवून ठेवलं. तोनिनशी भांडण होतं हे अख्ख्या गावाने ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी कपाट काढलं, हिरवं दारही बिजागऱ्यांवरून उतरवलं. मागे दगड निघाले. दुहेरी रांग, चुना, खडी. एका चुन्याच्या थरात विस्तिनच्या अंगठ्याचा ठसा होता, सहा वर्षांपूर्वीचा. साहेबाने त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि दार पुन्हा बसवायला सांगितलं.

क्लबमध्ये आता सगळे विस्तिनशी नीट बोलतात. जुझा खरं सांगत होती हे सगळ्यांना पटलंय, कारण सोमवारी विस्तिन खाटेवर होता आणि गुरुवारी तो पुढच्या दारातून आत गेला नाही, हे तिने शपथेवर सांगितलं. शेजारचा शेतकरी येऊन म्हणाला, "चुकलं माझं." विस्तिनने मान्य केलं. पण त्याने काय होतं? ज्याने तोंड उघडलं होतं त्याने म्हणायला हवं.

पाहुणे पुन्हा येऊ लागलेत. म्हातारा आत येतो अशी तक्रार कोणी करत नाही. पण परवा एक जण म्हणाला की दुपारी भिंतीत कोणी तरी ठोकतं, नळाचा माणूस बोलवा.

विस्तिन रोज दोनला त्या दाराशी जातो. बिनकिल्लीच्या भोकाला कान लावतो. ठोकणं येतं, तीनदा, अदबीने. मग, "विस्तिनकाका, उघडा." आवाज तोनिनचा आहे. अगदी तोनिनचा.

हे ऐकून दोलोराच्या हातातली जपमाळ थांबली. अकरा दिवसांत पहिल्यांदाच.

"मग उघड ना," ती म्हणाली. "किल्ली लाव. माझा मुलगा आहे तो."

"आत दोघं आहेत, दोलोरा."

"लाव."

"मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलंय, भोकातून. म्हटलं, कबूल केलं होतंस ते बोल. चुकलं म्हण, लगेच उघडतो. तोनिन कसा आहे ते तुला मला माहीत आहे. तोंडाचा फाटका, पण अडकला की पाय धरणारा. लहानपणी सुरुंगाच्या फटाक्याने माझं कुंपण पाडलं, तेव्हा संध्याकाळच्या आत येऊन रडला होता की नाही?"

दोलोराने मान हलवली.

"तो आत असता तर पहिल्या दिवशीच म्हणाला असता. मी रोज विचारतो. जो कोणी आहे तो म्हणतो, उघडा. म्हणतो, काका. म्हणतो, आई बाहेर आहे का. एवढं सगळं त्याला येतं. चुकलं एवढं मात्र येत नाही."

जुझाने आतून पाण्याचा पेला आणून बहिणीच्या हातात दिला. तिने तो प्यायला नाही.

"आणि म्हणाला तर?" तिने विचारलं. "उद्या म्हणाला तर?"

विस्तिनने खिशातली किल्ली चाचपली. लोखंड असूनही ती उन्हात तापत नाही, हे त्याने जुझालाही सांगितलेलं नाही.

"तर उघडीन," तो म्हणाला. "शब्द दिलाय."

तेव्हा झालं सांगून. आता कोणी पुन्हा विचारायला येऊ नये. गावातल्या बाकी सगळ्यांशी विस्तिनचा हिशोब मिटलाय. माफी एकाच माणसाने मागायची राहिली आहे, आणि ती त्यानेच मागायला हवी, त्याच्या आवाजात दुसऱ्या कोणी नाही: दोलोराचा तोनिन.